गोदाकाठची श्वाससाधना

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत इतिहासाचे काहीतरी लिहावे, असे मला सांगण्यात आले. मी विषय सांगितला तेव्हा दोघी-तिघी हसल्या. श्वासाला कसला आला इतिहास? तो तर जन्मल्या क्षणापासून चालूच आहे! खरे आहे. परंतु श्वासाकडे जाणतेपणी पाहण्याला मात्र इतिहास आहे, आणि त्यातला बराच मोठा भाग आपल्या मराठवाड्यात घडला आहे. बाभळीच्या बंधाऱ्यापाशी आपण जिला गंगा म्हणून हात जोडतो, त्या गोदावरीच्या वरच्या काठांवर तो घडला. ही विद्या पूर्वी कोणाची होती आणि चूल सांभाळणाऱ्या बायकांपर्यंत ती कोणत्या वाटेने आली, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपले गाव मिरचीच्या बाजाराचे. हंगामात तोंडाला पदर बांधून देठ खुडणाऱ्या बाईला श्वासाची किंमत निराळी समजावून सांगावी लागत नाही; एक ठसका पुरतो. पण ठसका ओसरला की श्वास पुन्हा विसरला जातो. हृदयाचे ठोके आपल्या सांगण्याने थांबत नाहीत, अन्न आपल्या हुकमाने पचत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि मनात आणले तर ताब्यातही येतो. राग आला की तो चढतो, भीती वाटली की अडखळतो, झोपेत संथ होतो. म्हणून जुन्या लोकांनी ओळखले की मनाच्या घरात शिरावयाचे तर हेच दार उघडे आहे. योगग्रंथांनी दिवसाकाठी 21,600 श्वास मोजले आणि त्या आपोआप चाललेल्या जपाला अजपाजप असे नाव दिले. हिशेब केला तर मिनिटाला 15 श्वास होतात. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे मिनिटाला 12 ते 20 श्वास होतात असे आजचे डॉक्टर सांगतात. तेव्हा जुनी मोजणी काही भलतीच नव्हती.

आपल्या भागातील या साधनेची सर्वांत जुनी खूण म्हणजे अजिंठ्याची लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ती कोरण्यास आरंभ झाला आणि पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते काम टप्प्याटप्प्याने चालले. चित्रे पाहण्याच्या नादात विहारांच्या भिंतींतील लहान लहान खोल्यांकडे आपले लक्ष जात नाही. एक माणूस बसेल वा निजेल एवढीच ती जागा. तेथे राहणाऱ्या भिक्षूंच्या धर्मात श्वासाच्या येण्याजाण्यावर चित्त ठेवण्याची साधना सांगितलेली आहे. तिला पाली भाषेत आनापानसती म्हणतात. या साधनेत श्वास कोंडावयाचा नसतो, लांबवावयाचा नसतो. तो जसा असेल तसा जाणावयाचा असतो. परंतु ती खोली घरदार सोडलेल्या पुरुषासाठी होती, हेही विसरता येत नाही.

दुसरी परंपरा नाथपंथाची. येथे श्वासाचे नियमन, आसने, बंध, कुंडलिनी असा सारा मामला होता आणि तो गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जाई. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वरांना हा उपदेश मिळाला. ज्ञानेश्वरांचे घराणे पैठणजवळच्या आपेगावचे, म्हणजे गोदाकाठचेच. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवासे येथे त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली. गीतेच्या सहाव्या अध्यायात 47 श्लोक आहेत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात 497 ओव्या आहेत. मूळ अध्यायात कुंडलिनीचा उल्लेखसुद्धा नाही. ज्ञानेश्वरांनी मात्र बैठक कशी घालावी, प्राण आणि अपान कसे एकवटतात, आत काय काय घडते, हे सारे विस्ताराने सांगितले. या मार्गाला त्यांनी पंथराज म्हटले. जी गोष्ट कानात सांगावयाची ती त्यांनी भर सभेत आणि मराठीत सांगितली, याचे महत्त्व आपण बायकांनी तरी ओळखले पाहिजे. संस्कृत पाठशाळेचे दार आपल्याला बंद होते, पण मराठी कीर्तनाचे नव्हते.

त्याच घरात मुक्ताबाई होत्या. चांगदेवांची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. श्वास ब्रह्मांडी चढवून काळाला चुकवीत हा योगी 1400 वर्षे जगला, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयाचे तर मायना आशीर्वादाचा घालावा की नमस्काराचा, हे त्यांना ठरवेना, म्हणून कोराच कागद धाडला. इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्याचे सांगतात. ज्ञानेश्वरांनी 65 ओव्यांचे उत्तर पाठविले, ती चांगदेव पासष्टी. आणि पुढे त्या वयोवृद्ध योग्याने गुरू केले ते कोवळ्या वयाच्या मुक्ताबाईंना. वर्षांचा आकडा कथेतला आहे, तो इतिहास म्हणून मी सांगत नाही. पण कथा कोणी रचली असेल त्याने नेमके वर्म सांगितले आहे: श्वास साठवून ठेवण्याची वस्तू नाही. किती कोंडला याला मोल नाही. त्याच्या सोबतीने आपण किती जागे झालो, याला आहे.

गोदाकाठानेच खाली गंगाखेडला या. ते जनाबाईंचे गाव. नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत त्यांनी अभंग रचले. त्यांना विहारातली खोली नव्हती, एकांत नव्हता, रिकामा वेळ तर नव्हताच. परंतु ज्यांनी जाते ओढले आहे त्यांना ठाऊक असेल की जात्यावर गाणे हेही श्वासाचेच काम आहे. खुंट्याच्या फेऱ्याबरोबर ओवीची ओळ सुटते, ओळ संपते तेथे दम घ्यावयाचा, समोरचीने पुढली ओळ धरावयाची. उच्छ्वास लांब आणि संथ राहतो. उच्छ्वास लांबविला की हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे आज वैद्यकशास्त्रही सांगते. आमच्या आजी-पणजींनी त्याला प्राणायाम म्हटले नाही. त्या नुसते “मन हलकं झालं” म्हणत. गिरणी आली, दंडांचे कष्ट वाचले, ते बरेच झाले. पण त्याबरोबर पहाटेचा तो लयीचा श्वासही गेला, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

नामदेवांचे मूळ गाव नरसी, आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि त्याच ग्रंथाला गुरू गोविंदसिंहांनी 1708 साली आपल्या नांदेडात गुरुपद दिले. श्वासाश्वासागणिक नाम आठवावे, हा त्या धर्माचा आवडता उपदेश आहे. वाटा निराळ्या असतील, पण श्वासाला धरून चालण्याची रीत तीच.

विसाव्या शतकात ही विद्या मठाबाहेर पडून संस्थेत आली. 1918 साली श्रीयोगेंद्र यांनी मुंबईत वर्सोव्यास योग इन्स्टिट्यूट काढली. 1924 साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून क्ष-किरण आणि रक्तदाबाची उपकरणे लावून योगक्रियांची परीक्षा केली. योगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांनी तर 1934 साली स्त्रियांसाठीच योगाचे पुस्तक लिहिले. बाईच्या शरीराचा विचार करून बाईने लिहिलेले असे पुस्तक येण्यास इतकी शतके जावी लागली!

1969 साली सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून भारतात आले. मुंबईत राहणारी त्यांची आई आजारी होती. तिला ही साधना शिकवावी, हा त्यांच्या येण्यामागचा एक हेतू होता. त्या जुलैत मुंबईत त्यांचे येथील पहिले शिबिर झाले. साधक अवघे 14, आणि त्यांत त्यांचे आईवडील होते. पुढे 1976 साली इगतपुरीस धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. दहा दिवसांच्या शिबिरात आरंभीचे दिवस केवळ आनापानाचे, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहण्याचे असतात. अजिंठ्याच्या खोलीत भिक्षूंसाठी असलेली साधना अशी एका आईच्या निमित्ताने या मातीत पुन्हा आली, आणि आज तेथे स्त्रियाही बसतात.

एक सावधगिरी सांगणे मला अवश्य वाटते. रक्तदाब, हृदयविकार, दमा असणाऱ्यांनी वा गरोदर भगिनींनी पुस्तकात वाचून श्वास कोंडण्याच्या भरीस पडू नये. जाणत्या शिक्षकाला आणि डॉक्टरांना विचारावे. आणि श्वास पाहणे हे औषधाच्या जागी धरू नये. केवळ पाहावयाचे असेल तर मात्र काही साहित्य लागत नाही. आसन नको, देव्हारा नको, सासूची वा सुनेची परवानगी नको. भाकरी तव्यावर असताना, गाडीची वाट पाहताना, दवाखान्याच्या बाकावर बसूनही ते होते. आपल्याकडे स्वतःची म्हणावी अशी वस्तू फार थोड्या बायकांजवळ असते. घर नावावर नसते, वेळ तर कोणाच्याच नावावर नसतो. श्वास तेवढा आपला असतो.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. दर सभेच्या आरंभी प्रार्थना झाल्यावर पाच मिनिटे सर्वांनी डोळे मिटून, काही न बोलता, आपापला श्वास पाहावा. चहाचे आधण चुलीवर असेल तर ज्या भगिनीवर त्याची जबाबदारी असेल तिलाही त्या पाच मिनिटांपुरते बोलावून घ्यावे. चहा थोडा उशिरा झाला तरी चालेल.