वरच्या कृष्णा-खोऱ्यातील महाशीर आणि पिल्लांच्या संगोपनाचा प्रश्न

लेफ्टनंट-कर्नल विल्यम साइक्स यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने १८४१ मध्ये छापला. मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाला त्यात ‘खुद्री’ हे जातिनाम दिलेले आढळते. हाच दख्खनी महाशीर होय. मुळा-मुठेचे पाणी भीमेवाटे कृष्णेस मिळते. अर्थात महाबळेश्वरी उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड अशी सांगलीकडे वाहणारी कृष्णा आणि तिच्या वेण्णा, कोयना, वारणा या उपनद्या याच माशाच्या खोऱ्यातील आहेत. त्याच्या पिल्लांचे संगोपन कोणत्या परिसरात व्हावे, हा प्रश्न उपस्थित होण्यास मात्र धरणे यावी लागली.

महाशीर पावसाळ्यात वाहत्या, गोटाळ पाण्याकडे चढतो आणि त्याची अंडी तळाच्या गोट्यांत बसतात. कोयनेचे धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. पुढे कृष्णेवर धोम आणि वारणेवर चांदोली येथे धरणे झाली. पात्राचे लांबच लांब भाग स्थिर पाण्याखाली गेले. या जलाशयांत मासे सोडावयाचे तर बीज हवे, आणि ते देणारी पद्धतीही याच सुमारास हाती आली होती. ओरिसातील अंगूल येथे १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातील मासे दख्खनच्या जलाशयांत मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. सर्व हिशेब संख्येचा झाला: मत्स्यजिरे किती, बोटुकली किती. गुळगुळीत सिमेंटचा हौद, सर्वत्र सारखी खोली, ठरल्या वेळी पडणारे खाद्य, ही व्यवस्था त्या हिशेबास सोयीची होती. ज्या माशाचे आयुष्य तळ्यात सुरू होऊन जाळ्यात संपावयाचे, त्याच्यापुरती ती पुरेशीही म्हणता येईल.

महाशीराने हा हिशेब चुकविला. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाच्या प्रजननाचा व अंड्यांच्या वाढीचा अभ्यास सत्तरच्या दशकाच्या आरंभी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून मांडला, आणि लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात एस. एन. ओगले यांच्यासह तो कृतीत उतरविला. प्रौढ माद्यांचे पोट हलकेच दाबून अंडी घेतली जात. ती रोहूच्या अंड्यांहून संख्येने थोडी, पण आकाराने मोठी व जड. रोहूची अंडी अनुकूल उष्णतेत वीस तासांच्या आत फुटतात. महाशीराच्या अंड्यांस सुमारे तीन दिवस लागतात. बाहेर आलेले पिल्लू पोहत सुटत नाही. पोटाशी बलकाची पिशवी घेऊन ते कित्येक दिवस तळाशी पडून राहते, उजेड टाळते आणि अंधाऱ्या कोपऱ्यात डोके खुपसते. नदीत त्या कोपऱ्याचे काम दोन गोट्यांमधील फट करते. पिल्लू हौदात जे शोधीत होते ते नदीचे पात्र होते, असे या निरीक्षणांवरून म्हणावयास हरकत नाही.

याचा शास्त्रीय अर्थ उलगडला तो मात्र परदेशी, आणि सामन कुळातील माशांवर. किहस्लिंगर व नेव्हिट यांनी २००६ मध्ये दाखविले की, टाकीत नुसते दगड ठेवले तरी स्टीलहेडच्या पिल्लांचा अनुमस्तिष्क अधिक वाढतो. ब्राउन, डेव्हिडसन व लालँड यांच्या २००३ च्या प्रयोगांत समृद्ध टाकीत वाढून जिवंत भक्ष्याची ओळख झालेली सामनची पिल्ले नवे भक्ष्य टिपण्यात सरस ठरली. साल्व्हानेस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अशा समृद्ध परिसरातील पिल्ले चक्रव्यूहातून वाट काढण्यास लवकर शिकतात असे नोंदविले. हे निष्कर्ष महाशीरास जसेच्या तसे लावणे घाईचे होईल. परंतु दोन्ही माशांची अंडी गोट्यांत वाढतात, हे साम्य उपेक्षणीय नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. लोणावळ्याचेच बीज सत्तरच्या दशकापासून कावेरीत सोडले गेले व तेथे ते चांगलेच रुजले. इतके, की १९९८ ते २०१२ या काळातील गळ टाकणाऱ्यांच्या नोंदींत तेथील मूळचा पाठीवर कुबड असलेला महाशीर कमी कमी होत गेलेला दिसतो. त्या माशाचे शास्त्रीय नाव ‘टॉर रेमादेवी’ असे २०१८ मध्ये निश्चित झाले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. मग हौदातील पिल्लू दुबळे असते हे म्हणणे खोटे ठरते काय? तसे नाही. वर्षानुवर्षे सोडलेल्या बीजापैकी काही जगले, एवढेच त्यावरून सिद्ध होते; दर शेकड्यास किती जगले हे नव्हे. मात्र दुसरी गोष्ट निर्विवाद आहे. गोटे, धार आणि सावली यांनी पिल्लू नदीत जगावयास शिकेल. कोणत्या नदीत सोडावे हे माणसानेच ठरवावे लागते.

खुद्रीची नदी कृष्णा आहे, म्हणून हा विचार सातारा-सांगलीत अधिक सार्थ ठरतो. येथील हौदात तळाशी गोट्यांचा थर, एका बाजूने वाहती धार, अर्ध्या भागावर सावली आणि अधूनमधून कीटकांच्या जिवंत अळ्या एवढे करावयास फार खर्च नाही. अडचण सफाईची आहे. गोट्यांत घाण साचते, बुरशी धरते, आणि हौद झपाट्याने धुण्याची सवय असलेल्या कामगारास ते नकोसे होते. यासाठी गोटे जाळीच्या तबकात ठेवून तबकच उचलून धुणे हा उपाय सोपा दिसतो. सोडण्याची जागाही त्याच दृष्टीने निवडावयास हवी. सांगलीच्या आसपास बंधाऱ्यांमुळे कृष्णा बराच काळ तुंबलेली असते. तेथे गोट्यांत वाढलेल्या पिल्लास गोटे सापडणार नाहीत. चांदोलीच्या जलाशयाच्या वर वारणा अद्याप खडकांतून वाहते, आणि तो भाग २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो.