विश्वास पानिपतावर गेला

कोणी फार भरवशाने बोलू लागला की त्याला थट्टेने सुनावायचे, 'अहो, विश्वास पानिपतावर गेला!' ही मराठीतली जुनी रीत आहे. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही गंमत वाटते, कारण त्यातला श्लेष सहज कळतो. या श्लेषाखाली अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मराठी सरदारांपैकी कितीतरी जण पानिपतावर पडले, परंतु म्हणीचा विषय झाला तो एकटा विश्वासराव, आणि तोही नावाच्या अर्थामुळे. हे एका अर्थी अमरत्व असले तरी त्याच्या आईला ते कितपत रुचले असते, असा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

विश्वासराव हा नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचा थोरला मुलगा. त्याचा जन्म 1742 चा. उदगीरच्या विजयानंतर, मार्च 1760 मध्ये पटदूरच्या मुक्कामावरून उत्तरेची मोहीम निघाली, तेव्हा मोहिमेचे नाव विश्वासरावाचे आणि कारभार चुलते सदाशिवरावभाऊंचा अशी योजना होती. गोपिकाबाईंनीच मुलाला हट्टाने पाठवले, भाऊंच्या पराक्रमाचे श्रेय आपल्या मुलाच्या पदरी पडावे असा त्यांचा डाव होता, असे पुढे वारंवार लिहिले गेले. कथा-कादंबऱ्यांना ही गोष्ट फार मानवली. वस्तुतः गादीच्या वारसाने मोहिमेवर जाणे ही त्या घराण्याची रीतच होती. नानासाहेब स्वतः, त्यांचे वडील बाजीराव, आजोबा बाळाजी विश्वनाथ, सारे स्वाऱ्यांवर गेलेलेच होते. पण मोठा पराभव झाला की त्याचे खापर फोडायला घरातली एखादी स्त्री शोधायची, ही आपल्या इतिहासकथनाची खोड रामायणापासूनची आहे. कैकेयीची जागा कधी रिकामी राहत नाही.

14 जानेवारी 1761, मकरसंक्रांतीचा सुमार. दुपारपर्यंत लढाईचे पारडे मराठ्यांकडे झुकले होते असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानंतर विश्वासरावाला गोळी लागली. भाऊंनी त्याचे शव हत्तीवर ठेवले आणि स्वतः घोड्यावर बसून ते गर्दीत शिरले. भाऊंची अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यानंतरचा भाग तितकासा सांगितला जात नाही. विश्वासरावाचा देह अब्दालीच्या छावणीत नेण्यात आला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांनी तेथले वर्णन लिहून ठेवले आहे. त्या तरुणाचे रूप पाहून शत्रूच्या गोटातली माणसेही स्तब्ध झाली. काही अफगाण शिपायांना मात्र तो देह पेंढा भरून काबूलला न्यायचा होता. शुजाउद्दौल्याने मध्यस्थी केली आणि देह सोडवून त्यावर रीतसर अग्निसंस्कार करविले. म्हणजे विश्वासरावाचा मृत्यू पाहणारे होते, देह ओळखणारे होते, अग्नी देणारे होते.

भाऊंच्या बाबतीत असे झाले नाही. दुसऱ्या दिवशी एक शिरविरहित धड सापडले आणि अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचे ठरवण्यात आले, असे काशीराज सांगतात. खुणांवरून ठरवलेला मृत्यू शेकडो कोस दूर पुण्यात पोहोचेपर्यंत त्याला शंकेची वाळवी लागलेली होती. एकाच रणात, एकाच दिवशी, एकाच घरातली दोन माणसे गेली, परंतु मागे राहिलेल्या दोन स्त्रियांच्या वाट्याला एकसारखा शोक आला नाही. या भेदाकडे अभ्यासकांनी पुरेसे पाहिलेले नाही, असे आम्हाला वाटते.

बातमी प्रथम आली ती सावकारी भाषेत. दोन मोती गळाले, इतक्या मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, अशा आशयाचा तो सांकेतिक मजकूर प्रसिद्धच आहे. मराठी गद्याच्या इतिहासात इतके थोडके आणि इतके भयंकर लेखन क्वचितच सापडेल. त्यातला 'खुर्दा' हा शब्द आम्हाला मोत्यांपेक्षाही अधिक छळतो. मोती दोन होते म्हणून मोजता आले. खुर्द्यातल्या प्रत्येक नाण्यालाही घर होते, पण त्यांच्या दारात असे पत्र कोणी पाठवले नाही. हा मजकूर माळव्यात भेलशाच्या आसपास नानासाहेबांच्या हाती पडला. ते फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते, मात्र वाटेत, 27 डिसेंबर 1760 रोजी, पैठण येथे त्यांनी दुसरा विवाह केला होता. त्यांना या विलंबाबद्दल इतिहासाने क्षमा केलेली नाही, आणि आम्हीही करू इच्छित नाही. पुढे अब्दालीनेही पत्र पाठवून पुत्र आणि बंधू गेल्याबद्दल दुःख व्यक्त केले. मारणाऱ्यानेच सांत्वन करावे, हा राजकारणाचा शिष्टाचार. खचलेले नानासाहेब पुण्यास परतले आणि 23 जून 1761 रोजी पर्वतीवर वारले.

पार्वतीबाई, म्हणजे भाऊंच्या पत्नी, पानिपतावर फौजेबरोबर होत्या. पळापळीतून जानू भिंताडा या विश्वासू सेवकाने त्यांना सुखरूप बाहेर काढले. त्या दक्षिणेत परतल्या, परंतु वैधव्य त्यांनी स्वीकारले नाही. पती जिवंत आहेत, आज ना उद्या येतील, या श्रद्धेने त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. याला वेड म्हणणे सोपे आहे. धड पाहिलेले नाही, सांगणारे शत्रूच्या गोटातले, मग पत्नीने ते का मानावे? त्यांच्या नकारात भावनेइतकाच तर्कही होता. शिवाय हा नकार एकट्या त्यांचा नव्हता. सुखलाल नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाने आपणच भाऊ असल्याचे सोंग घेतले. त्याला कैदेत ठेवले, तरी 1776 मध्ये तो ज्याच्या पहाऱ्यात होता त्यानेच त्याला सोडले आणि कोकणात पाहता पाहता फौज त्याच्याभोवती जमली. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' (1913) हे नाटक याच प्रकरणावर आहे. पानिपतानंतर पंधरा वर्षांनीही हजारो माणसे भाऊ परत आल्याचे मानायला तयार होती, कारण त्या खुर्द्यातल्या कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी मुलगा त्यांच्याबरोबर परत येण्यासारखा होता. पार्वतीबाईंची वाट पाहणे हे त्या काळच्या महाराष्ट्राचेच वाट पाहणे होते.

गोपिकाबाईंना अशी वाट पाहण्याची सोय नव्हती. त्यांच्या मुलाला अग्नी मिळाला होता. पुढे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला माधवराव क्षयाने गेले. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. वाढलेले तिन्ही मुलगे आईच्या आधी गेले. त्या स्वतः नाशिकजवळ गंगापूरला राहत असत आणि 1788 मध्ये वारल्या. त्यांच्या करारी, कजाग स्वभावाच्या गोष्टी भरपूर आहेत. त्यांतल्या काही खऱ्याही असतील.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्यांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. रघुनाथ यादव यांनी लिहिलेली पानिपतची बखर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली. 'बखर' हा शब्द 'खबर' या शब्दातील वर्णांची अदलाबदल होऊन आला, अशी एक व्युत्पत्ती आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. येथे ती व्युत्पत्ती अक्षरशः खरी ठरते. एका आईने खबर मागितली. मुलगा गेला हे तिला ठाऊक होते, तो कसा गेला हे तिला हवे होते.

एम.ए.च्या वर्गात ही बखर शिकवताना आम्ही तिच्या शैलीवर नेहमीच टीका करीत आलो. पौराणिक उपमांचा सोस, भारतीय युद्धाशी पदोपदी तुलना, वीरांच्या वर्णनातील अतिशयोक्ती. ऐतिहासिक साधन म्हणून मूल्य मर्यादित, असा शेरा मारून आम्ही मोकळे होत असू. आमच्यापैकी एकीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर्वांत आधी ही कोणी वाचली असेल?' हा प्रश्न साधा होता, पण त्याने आमचा शेरा अडखळला. बखरकारापुढे एक पुत्रहीन झालेली स्त्री होती. तिला काशीराजांसारखे लिहिता येणे शक्य नव्हते. पेंढा भरण्याची गोष्ट तिला कशी सांगायची? अभिमन्यूची उपमा इतिहासाला निरुपयोगी असेल, पण सुभद्रेपुढे बसलेल्या माणसाजवळ दुसरे कोणते शब्द होते?

आता ती बखर शिकवायला घेताना ती कोणाच्या आज्ञेवरून लिहिली गेली, एवढे आम्ही आधी सांगतो आणि मग उतारा वाचायला सुरुवात करतो.