चार वर्षांचं ‘तात्पुरतं’

सेकंड इयरला असताना आमच्या कॉलेजचा मुख्य रस्ता एका सोमवारी नाहीसा झाला. शुक्रवारपर्यंत होता. सोमवारी त्या जागी निळे पत्रे, मुरमाचा ढीग आणि एक जेसीबी. पत्र्यावर बोर्ड : ‘काम चालू आहे. तात्पुरत्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्यासाठी ड्रेनेजची लाइन टाकायची होती. आधी गेटपासून वर्कशॉपला पोचायला पाच मिनिटं लागायची. आता हॉस्टेलच्या मागून, मेसच्या टाक्यांजवळून, नाल्यावर टाकलेल्या एका फळीवरून वळसा घालून पंधरा. पावसाळ्यात तर बुटांना किलोभर चिखल. आम्ही मीम्स बनवले, उशिरा जायला एक कायमचं कारण मिळालं म्हणून खूशही झालो.

माझ्या बॅचमधला एक मित्र मात्र त्या मीम्सवर हसायचा नाही. लहानपणीच्या पोलिओमुळे तो एका पायात कॅलिपर घालायचा आणि कुबडी वापरायचा. सपाट रस्त्यावर तो आमच्याबरोबरीने चालायचा. फळीवर मात्र कुबडी घसरायची. सुरुवातीला तो पाऊण तास आधी निघू लागला. मग त्याने सकाळचं पहिलं लेक्चर सोडलं, मग प्रॅक्टिकल. सेमिस्टरच्या शेवटी नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली, तिच्यात त्याचं नाव होतं. तो विचारायला गेला तेव्हा उत्तर मिळालं, “अरे, तात्पुरतं आहे. दोन महिन्यांत होईल सगळं.” शेवटी त्याला मेडिकल सर्टिफिकेट आणायला सांगितलं. खरं तर तो एक दिवसही आजारी नव्हता.

तो रस्ता पुन्हा खुला झाला तेव्हा आम्ही फायनल इयरला होतो.

हे सगळं मी विसरलो होतो. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात माझ्याकडे एक काम आलं : आमचं अ‍ॅप अंध व्यक्तींना स्क्रीन रीडरवर नीट वापरता येईल असं करायचं. त्याचे नियम वाचता वाचता प्रश्न पडला, असे नियम पहिल्यांदा लिहिले कोणी? वेबसाइटच्या आधी इमारतींचे नियम आले, आणि इमारतींच्या नियमांचा माग काढत गेलो तर पोचलो थेट एका विद्यापीठाच्या कॅम्पसवर. तीही गोष्ट ‘तात्पुरत्या’ जागेपासूनच सुरू होते.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या कॉलेजांत परतलेल्या सैनिकांची रीघ लागली. 1944 च्या जीआय बिल या कायद्याने त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला होता. वर्ग कमी पडू लागले, तेव्हा इलिनॉय विद्यापीठाने गेल्सबर्ग या गावातलं लष्कराचं एक जुनं हॉस्पिटल घेऊन तिथे तात्पुरती शाखा काढली. हॉस्पिटलच ते, त्यामुळे इमारती बैठ्या आणि लांब कॉरिडॉरनी एकमेकींना जोडलेल्या. युद्धात पाठीच्या कण्याला इजा होऊन व्हीलचेअरवर आलेली मुलं तिथे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात स्वतःहून जाऊ शकत होती. 1948 मध्ये टिमोथी न्यूजंट नावाच्या विशीतल्या माणसाने त्यांच्यासाठी तिथे एक कार्यक्रम सुरू केला.

पुढच्याच वर्षी सरकारने ही शाखा बंद करायचं ठरवलं. बाकीचे विद्यार्थी दुसरीकडे जातील, पण व्हीलचेअरवरच्यांचं काय? विद्यापीठाचा मुख्य कॅम्पस अर्बाना-शॅम्पेनला. तो अवाढव्य, आणि जिथे तिथे पायऱ्या. ही मुलं तिथे फिरणार कशी, हा प्रश्न विचारला जात होता आणि त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं : नाही फिरू शकणार.

न्यूजंट आणि त्यांचे विद्यार्थी गाड्यांचा ताफा काढून राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला गेले. गेल्सबर्ग वाचवा, ही मागणी. ती मान्य झाली नाही. मग ते अर्बाना-शॅम्पेनला गेले, आपण इथे वावरू शकतो हे दाखवायला. शेवटी विद्यापीठाने त्यांना घेतलं, पण एक प्रयोग म्हणून. म्हणजे पुन्हा तात्पुरतंच. राहायला मिळाल्या त्या युद्धकाळातल्या बराकी.

पुढे जे झालं त्यात चमत्कार काही नाही. एकेका इमारतीला रॅम्प जोडला गेला. फुटपाथच्या कडा उतरत्या झाल्या. व्हीलचेअर वर उचलून घेणाऱ्या लिफ्टच्या बस 1950 च्या दशकात कॅम्पसवर धावू लागल्या आणि मुलं एका तासावरून दुसऱ्या तासाला वेळेत पोचू लागली. व्हीलचेअर बास्केटबॉलची टीम तर गेल्सबर्गलाच तयार झाली होती.

न्यूजंट कडक होते. स्वतःची खुर्ची स्वतः ढकलायची, हा त्यांचा नियम. त्याची दुसरी बाजूही आहे : ज्याला रोजच्या कामांसाठी मदतनीस लागतो, अशा विद्यार्थ्याला त्या कार्यक्रमात सुरुवातीला जागा नव्हती. तो लढा पुढे इतरांनी लढला. पोलिओमुळे मानेखाली हालचाल नसलेला एड रॉबर्ट्स 1962 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला शिकायला गेला. तिथल्या हॉस्टेलमध्ये त्याची सोय होईना, म्हणून तो कॅम्पसवरच्या हॉस्पिटलात राहून शिकला.

मला सगळ्यात भावलं ते हे, की इलिनॉयमधल्या लोकांनी जुगाडावर न थांबता मोजमाप घेतलं. किती चढ असला तर माणूस स्वतःच्या हाताने खुर्ची वर नेऊ शकतो? दार किती रुंद हवं? या अभ्यासातून 1961 मध्ये ए117.1 हे अमेरिकेचं राष्ट्रीय मानक तयार झालं. मोजक्या पानांचंच ते. त्यात रॅम्पसाठी आकडा होता 1:12. एक फूट चढायचं असेल तर उतार बारा फूट लांब हवा. दाराची मोकळी रुंदी कमीत कमी 32 इंच. ते पाळायची सक्ती सुरुवातीला नव्हती. 1968 मध्ये केंद्र सरकारच्या पैशाने होणाऱ्या इमारतींसाठी अमेरिकेत कायदा आला, 1990 मध्ये सगळ्यांसाठी.

आपल्याकडे अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा 1995 चा. दुसरा संसदेत मंजूर झाला डिसेंबर 2016 मध्ये. म्हणजे नेमका आम्ही सेकंड इयरला असताना, पत्र्यांच्या मागे जेसीबी चालू असताना. शिक्षणसंस्थांची इमारत आणि कॅम्पस सुगम असला पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. जुन्या सार्वजनिक इमारतींना मुदत होती नियम आल्यापासून पाच वर्षं. नियम आले जून 2017 मध्ये, म्हणजे ती मुदतही केव्हाच संपली. आणि रॅम्पचा आकडा आपल्या मार्गदर्शक सूचनांतही तोच आहे, 1:12.

गेल्या डिसेंबरात कॉलेजात गेलो होतो. नवी इमारत देखणी झालीय. दाराशी तीन पायऱ्या आणि बाजूला रॅम्प. मी इंजिनियर, राहवलं नाही. मोबाइलमधलं मोजपट्टीचं अ‍ॅप काढलं. उंची 45 सेंटिमीटर. 1:12 च्या हिशेबाने रॅम्प निदान 5 मीटर 40 सेंटिमीटर लांब हवा. तो होता जेमतेम अडीच मीटर, आणि त्याच्या तोंडाशी दोन बाइक उभ्या.

मित्राला फोटो पाठवला. तो आता बंगळूरला एका कंपनीत टीम लीड आहे. त्याचा लगेच फोन आला.

“रॅम्प सोड,” तो म्हणाला. “मागे पत्रे दिसतायत ते कसले?”

मी वळून बघितलं. लायब्ररीच्या बाजूला पुन्हा खणलं होतं. तेच निळे पत्रे, तसाच बोर्ड.

कॅम्पसवर बांधकाम होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वर्ग वाढतात, इमारती लागतात. पण ‘तात्पुरतं’ हा शब्द बांधणारा लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पुढची पन्नास वर्षं असतात. विद्यार्थ्याकडे असतात चार. दोन वर्षांचं तात्पुरतं म्हणजे त्याचं अर्धं कॉलेज. गेल्सबर्गच्या मुलांना हे कळलं होतं, म्हणून ती थांबली नाहीत. प्रयोग म्हणून मिळालेल्या जागेतच त्यांनी रॅम्प मागितले, तेही शिकत असताना, पुढच्या बॅचवर न सोडता.

आम्ही पंचावन्न जण वर्गात होतो. नाल्यावर रुंद फळी टाका, दोन्ही बाजूंना बांबूचा कठडा बांधा, एवढा साधा अर्ज आम्ही केला नव्हता. दोनशे रुपयांचं काम होतं ते. आम्ही मीम्स बनवले.

परत निघताना पत्र्यांच्या कडेने वळसा घालून गेलो. वाटेत एक चर होता, त्यावर फळी होती. या वेळी मी ऑफिसात गेलो आणि कोरा कागद मागितला.