फुप्फुसविकारांचे रक्तदर्शक

फुप्फुसांच्या दुर्मिळ विकारांची तीव्रता व उपचारांचा परिणाम जोखण्यासाठी रक्तात मोजले जाणारे पदार्थ. यांतील ‘केएल-६’ हे वायुकोशांतील दुसऱ्या प्रकारच्या पेशींवरील ग्लायकोप्रथिन. या पेशींना इजा होऊन त्या वाढू लागल्या की ते रक्तात उतरते. नोबुओकी कोनो व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्याचा संबंध अंतराली फुप्फुसदाहाशी दाखवला. जपानमध्ये ५०० एकक प्रति मिलि. ही प्रचलित सीमा आहे. काही कर्करोगांतही हे प्रमाण वाढते.

लिम्फँजिओलिओमायोमॅटोसिस हा मुख्यतः स्त्रियांना होणारा विकार. सीटी स्कॅनमधील विशिष्ट पुटींसोबत रक्तातील ‘व्हीईजीएफ-डी’ हे वाढघटक प्रथिन ८०० पिकोग्रॅम प्रति मिलि. किंवा अधिक असल्यास निदानासाठी सहसा बायोप्सी लागत नाही; सिरोलिमस या औषधाने ही पातळी घटते. स्वप्रतिरक्षी वायुकोशी प्रथिनसंचयात ‘जीएम-सीएसएफ’ या वाढघटकाविरोधी प्रतिपिंडांवरून निदान होते, मात्र त्यांच्या पातळीवरून तीव्रता ठरत नाही, त्यासाठी एलडीएच हे विकर व केएल-६ अधिक उपयोगी.

भारतातील अंतराली फुप्फुसविकारांच्या नोंदवहीत (२०१७) १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्के अतिसंवेदी फुप्फुसदाहाचे होते. बुरशी आलेल्या पेंढ्याची धूळ हे त्याचे एक कारण. म्हणून ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाडसारख्या भातपट्ट्यांतही दीर्घकाळच्या कोरड्या खोकल्यामागे हा विकार आहे का, हे पाहायला हवे. अशा ठिकाणी केएल-६सारख्या चाचण्यांसाठी रक्ताचा नमुना गावातून प्रयोगशाळेत पाठवता येतो, हा त्यांचा मोठा लाभ. तथापि श्वसनक्षमता चाचणी व सीटी स्कॅन यांना त्या पूरक आहेत, पर्याय नव्हेत. एकाच आकड्यापेक्षा त्याच रुग्णातील चढउतार अधिक बोलका असतो.