कॅसेट, फ्लॉपी आणि ग्राफची वही

आपल्या लहानपणी नगरमध्ये व्हिडिओ गेम फारसा कुणाच्या मालकीचा नसायचा, तो भाड्याने यायचा. मे महिन्याच्या सुट्टीत वाड्यातली पोरं वर्गणी काढायची आणि एका दिवसासाठी एक डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट घरात यायची. डब्यावर नाव काहीही असो, आत निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल असायची. कॅसेटवर लिहिलेलं असे '९९९९ इन १'. प्रत्यक्षात गेम दहा-पंधराच, तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा. फरक काय, तर एखाद्यात सुरुवातच तिसऱ्या लेव्हलपासून. पुढे नोकरीत काही कंपन्यांची माहितीपत्रकं वाचताना ही कॅसेट मला हमखास आठवते.

मारिओ (१९८५) दोघांनी खेळायचा तर आळीपाळीने. पहिला मेल्याशिवाय दुसऱ्याला चान्स नाही. पहिला रिमोट दादाकडे, आणि दादा लवकर मरत नसे. त्यामुळे मी मारिओ खेळले कमी, पाहिला जास्त. पाहता पाहता लक्षात आलं की वरचा ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. दादाला सांगितलं तर म्हणाला, "मध्ये बोलू नकोस, मरेन." त्यामागचं कारण खूप नंतर कळलं. तो अख्खा गेम ४० केबीत बसवलेला होता. आपल्या ग्रुपवर रोज येणारा 'सुप्रभात'चा एक फोटो त्याहून मोठा असतो.

गावातल्या पार्लरमध्ये मुली जात नसत. कुणी मनाई केली नव्हती; जात नसत, बस्स.

नववीच्या सुट्टीत आपण काही जण कॉम्प्युटर क्लासला जायचो, आठवतं? तास संपला की मुलं खेळायला थांबायची आणि आम्हाला "घरी वाट बघत असतील" म्हणून पाठवलं जायचं. मग मी आणि माझी मैत्रीण 'प्रॅक्टिकल'च्या नावाखाली रविवारी सकाळी जायला लागलो. (तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तुम्ही ओळखालच.) तिथे एका फ्लॉपीत 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सापडला.

हा गेम जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र गिरवलं. म्हणून तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा धावतो, थांबायलाही त्याला दोन पावलं लागतात, आणि अंदाज चुकला की खिळ्यांवर पडतो. बारा लेव्हल, साठ मिनिटं. प्रत्येक पडद्यावर तीन मजले आणि दहा लाद्या, हे मैत्रिणीने मोजून काढलं आणि ग्राफच्या वहीत सगळ्या तळघराचे नकाशे काढले.

राजकन्या मात्र वरच्या खोलीत वाळूच्या घड्याळाकडे बघत बसलेली. मैत्रीण वैतागायची. "ही नुसती बसते काय? नगरला आणा हिला." आम्हाला शाळेत चांदबीबी शिकवलेली होती. १५९५-९६ च्या वेढ्यात मुघलांनी सुरुंगाने तट उडवला, तेव्हा ती स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली. तो किल्ला क्लासपासून सायकलवर दहा मिनिटांवर होता. (सहलीला आपण ज्या डोंगरावरच्या 'चांदबीबी महाला'त डबे खाल्ले, ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे.)

चौथ्या लेव्हलला राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याची सावली वेगळी होते. ती पुढे त्याचं औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार बंद करते, आणि बाराव्या लेव्हलला तलवार घेऊन समोर येते. तिला मारलं की आपणच मरतो. क्लासमधली मुलं तिथेच अडकली होती. तिसऱ्या रविवारी मैत्रीण म्हणाली, "तिला लागलं की आपलंच लाइफ कमी होतंय. म्हणजे ती आपणच." तिने तलवार म्यान केली आणि सरळ सावलीत चालत गेली. दोघं एक झाले. घड्याळात चार मिनिटं उरली होती. पुढच्या पुलावर पोचलो आणि लाइट गेली.

मेकनरने पुढे सांगितलं की नव्या पात्राच्या चित्रांसाठी मेमरीत जागाच उरली नव्हती. म्हणून राजपुत्राचीच चित्रं एका बिटने सरकवून, त्यांच्याशीच एक्सॉर करून सावली काढली. जवळपास फुकटात मिळालेलं पात्र. कॉलेजात एक्सॉर शिकवलं तेव्हा मला आधी ती आठवली. ती म्हणजे सावली नव्हे, मैत्रीण.

बारावीला तिला माझ्याहून जास्त मार्क होते. मुलीला बाहेरगावी ठेवायचं नाही असं तिच्या घरी ठरलं. मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेले. गेमचा शेवट मी हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर एकटीने पाहिला आणि पत्रात तिला तेवढं सोडून सगळं लिहिलं.

वही माझ्याकडे राहिली आहे. बाराव्या लेव्हलचं पान पुलापर्यंत भरलेलं, पुढे कोरं. मेळाव्याला ती येते आहे असं ग्रुपवर वाचलं. लॅपटॉपवर गेम टाकून ठेवला आहे, वही आणि पेन्सिल पिशवीत आहे.