अमळनेर: मजुरी आणि शेअर

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर बोरी नदीकाठी वसले आहे. खानदेशच्या काळ्या जमिनीत कापूस आणि भुईमूग होई. कापसावर कापडगिरणी उभी राहिली, भुईमुगावर तेलाचा कारखाना. प्रताप शेठ यांची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या आरंभीची. धुळे, जळगाव आणि चाळीसगाव येथेही गिरण्या होत्या. गिरणीत कायम कामगाराखेरीज बदली कामगार असत: कायमचा माणूस रजेवर असेल, तरच त्यांना पाळी मिळे.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांना संघटित करण्यात भाग घेतला. 1946 मध्ये अमळनेरच्या कामगारांवर गोळीबार झाला; त्यात कामगार पुढारी श्रीपत पाटील मारले गेले. त्याच वर्षीच्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातील एका उद्योगात एकाच युनियनला प्रातिनिधिक मान्यता दिली.

गोळीबाराच्या थोडेच आधी, 29 डिसेंबर 1945 रोजी, मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. अमळनेरच्या कारखान्यात वनस्पती तूप आणि ‘787’ नावाचा साबण तयार होऊ लागले. 1966 मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांच्याकडे सूत्रे आली. हीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि संगणक व सॉफ्टवेअरकडे वळली.

गावातल्या काही घरांत कंपनीचे जुने शेअर होते. 1980 मधला 100 रुपये दर्शनी किमतीचा एका शेअरचे बोनस व विभाजन होत 1999 पर्यंत 9,600 शेअर झाले. ज्या घराने शेअर विकला नाही, ते कोट्यधीश झाले. ज्याच्याकडे मजुरीच तेवढी होती, त्याची मिळकत पगारवाढ आणि महागाई भत्ता यांच्याच गतीने वाढली. गिरणी बंद पडल्यावर तीही थांबली.

सॉफ्टवेअरचा व्यवसाय खानदेशात नव्हे, तर बंगळुरू आणि पुण्यात वाढला. तेथे संघटना उशिरा आल्या: कर्नाटकातील आयटी कामगारांची पहिली युनियन 2017 मध्ये नोंदली गेली. पदनाम अधिकाऱ्याचे असले, की तो कर्मचारी 2025 पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ‘कामगार’ व्याख्येत बसतो की नाही, येथूनच वाद सुरू होई. प्रकल्प नसलेला अभियंता ‘बेंच’वर बसतो. बदली कामगाराला पाळी नसेल तर मजुरीच मिळत नसे, बेंचवरच्याला पगार मिळतो. पण काम लवकर न आल्यास नोकरीवर गदा येण्याची भीती त्यालाही असते.