बोर्डिंग (विद्यार्थी वसतिगृह)

बोर्डिंग म्हणजे एखाद्या समाजाने किंवा शिक्षणसंस्थेने बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी उभारलेले निवास व भोजनाची सोय असलेले वसतिगृह होय. महाराष्ट्रात अशा वसतिगृहांची मालकी बहुधा सार्वजनिक न्यासाकडे असते. इमारतीची अंतिम जबाबदारी विश्वस्तांची असली, तरी दैनंदिन कारभार पगारी कर्मचारी आणि तांत्रिक देखभाल परवानाधारक तज्ज्ञ पाहतात.

इतिहास

राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढे तेथे जैन, मुस्लिम, लिंगायत आदी समाजांची वसतिगृहे निघाली; अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. नाशिकमध्ये १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. तेथील उदोजी मराठा वसतिगृहाची पायाभरणी १५ एप्रिल १९२० रोजी शाहू महाराजांच्या हस्ते करण्यात आली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. तेथे स्वयंपाक व स्वच्छता ही कामे विद्यार्थीच करीत.

व्यवस्थापन

प्रवेश, शिस्त व हजेरी ही कामे रेक्टर किंवा गृहपाल यांच्याकडे असतात. भोजनगृह संस्था स्वतः चालवते किंवा ठेकेदाराकडे सोपवते. दोन्ही प्रकारांत अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ लागू होतो. न्यासाचे हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून धर्मादाय कार्यालयात सादर करावे लागतात. इमारत विकण्यापूर्वी किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी आवश्यक असते.

अमेरिकेतील विद्यार्थी बंधुसंघांच्या निवासगृहांचा कारभार प्रामुख्याने तेथे राहणारे सदस्य पाहतात. मालकी मात्र अनेकदा माजी सदस्यांच्या मंडळाकडे असते आणि काही मंडळे त्यासाठी व्यावसायिक व्यवस्थापक नेमतात. महाराष्ट्रातील बोर्डिंगमध्ये कारभार निवासी विद्यार्थ्यांऐवजी संस्थेने नेमलेल्या गृहपालाकडे असतो.

इमारतीची देखभाल

महापालिका हद्दीतील तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिकेकडे नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू होतो, त्यांतील अग्निशमन यंत्रणा परवानाधारक संस्थेकडून सुस्थितीत राखून घ्यावी लागते; तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. काम ठेक्याने दिले, तरी यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याचे मालकाचे उत्तरदायित्व संपत नाही. गच्चीची गळती, सांडपाण्याच्या वाहिन्या व जुनी विद्युत जोडणी यांची तपासणी पावसाळ्यापूर्वी करणे इष्ट ठरते.

सद्यस्थिती

नाशिकच्या इंदिरानगरसारख्या निवासी उपनगरांत विद्यार्थी भाड्याच्या सदनिकेत किंवा पेइंग गेस्ट म्हणूनही राहतात. अशा ठिकाणी विश्वस्त व गृहपाल नसल्याने दुरुस्ती आणि सुरक्षिततेची जबाबदारी घरमालक व सहकारी गृहनिर्माण संस्था यांच्यात विभागली जाते. सदनिकेच्या आतील दुरुस्ती सामान्यतः मालकाकडे, तर जिना, पाण्याच्या टाक्या, उद्वाहन व अग्निशमन यंत्रणा संस्थेकडे असते.